दुपारी दोनचं टेबल

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आमची मुलगी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला मास्टर्स करते आहे. आम्ही दोघं २९ सप्टेंबरला तिच्याकडे जातोय, १० ऑक्टोबरला परत. पहिलाच परदेश प्रवास. अडचण जेवणाची आहे. हे शाकाहारी, अंडं केकमधलं तेवढं चालतं. मी माहेरची मासे खाणारी. आता घरी करत नाही, बाहेर गेले की खाते. ह्यांना डायबेटिस आहे आणि रात्री साडेसातला पान वाढलेलं लागतं. लेक सांगते, तिथे रात्री नऊच्या आधी हॉटेलात जेवण मिळत नाही. आमचे शेजारी टूरबरोबर जाऊन आले. त्यांनी रात्री समुद्रकिनारी पाएया, म्हणजे तिथला कढईतला भात, खाल्ला. तांदूळ कच्चा, चव काही नाही आणि बिल भरमसाठ, असं म्हणत होते. शिवाय त्यात ससा घालतात म्हणे. हे म्हणतात, कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन जाऊ, नाहीतर भारतीय हॉटेल शोधू. लेक चिडली आहे: "इथे येऊन वरणभातच खायचा तर येताच कशाला?" मी दोघांच्या मध्ये सापडले आहे. काय करावं?

एक आई, पेण

ताई,

तुमच्या पत्रात रात्रीच्या जेवणाचा विषय तीनदा आलाय, दुपारच्या जेवणाचा एकदाही नाही. सगळी गाडी तिथेच अडली आहे. व्हॅलेन्सिया हे दुपारी जेवणारं शहर आहे. दिवसाचं मुख्य जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान, पोटभर आणि निवांत होतं. चारच्या सुमारास हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट साडेआठ-नऊला उघडतात. रात्री बहुतेक घरांतून हलकंच खाणं असतं. म्हणजे लेक सांगते ते खरं आहे, पण त्यासाठी ह्यांना नऊपर्यंत ताटकळत ठेवायचं काहीच कारण नाही. दुपारी दोनला तिघं बाहेर जेवा आणि रात्री साडेसातला लेकीच्या घरी पान वाढा. एवढं एक ठरवलंत की कुकर, भात, भांडण, बिल या सगळ्यांचा मार्ग आपोआप निघतो. बाकीचं पत्र मी फक्त ते कसं जमवायचं हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

आधी तब्येतीचं. घड्याळ साडेतीन तास मागे जाणार, वर दुपारचं जेवण एकऐवजी दोन-अडीचला आणि तेही भाताचं. हे यजमानांच्या डॉक्टरांना निघण्याआधी सांगा आणि गोळ्यांच्या वेळा ते सांगतील तशाच ठेवा. सकाळच्या न्याहारीपासून दोनपर्यंत पोट रिकामं राहील अशी भीती मात्र बाळगू नका, कारण व्हॅलेन्सियाच्या लोकांनी त्याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान तिथे एस्मोर्झारेत नावाचं मधलं खाणं असतं. शेतावर पहाटेपासून राबणाऱ्यांची ही न्याहारी. आज कारकून, सायकलवाले, निवृत्त मंडळी, सगळे त्यासाठी बारमध्ये जमतात. टेबलावर आधी ऑलिव्ह आणि भाजलेले शेंगदाणे येतात, मग हातभर पावात भरलेलं काहीतरी, सोबत एखादं पेय आणि शेवटी कॉफी. सगळं मिळून एकच ठरलेला दर, साधारण सहा ते नऊ युरो. पावातलं सारण बहुधा डुकराच्या मांसाचं किंवा ऑम्लेटचं असतं. यजमानांसाठी भाजलेली मिरची-वांगी आणि चीज भरलेला पाव मागा, नाहीतर टोमॅटो किसून ऑलिव्ह तेल घातलेला भाजका पाव. एक पाव दोघांत भरपूर होतो.

आणि तुम्ही तिथे क्रेमाएत नक्की घ्या. रम, साखर, लिंबाची साल, दालचिनी आणि कॉफीचे दोन-चार दाणे एकत्र करून पेटवतात. निळी ज्योत शांत झाली की ते काचेच्या छोट्या ग्लासात ओतून वर कडक कॉफी अलगद सोडतात. तळाला सोनेरी, मध्ये काळा आणि वर फेसाचा असे थर दिसतात. दारू बरीचशी जळून गेलेली असते, सगळी नाही. साखर भरपूर, त्यामुळे यजमानांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता पाएया. तो दुपारीच का खायचा, हे लेकीने हट्टाने सांगितलं असेल तर तिचं चुकत नाही. हे शेतावरचं जेवण आहे. शहराभोवतीच्या मळ्यांत आणि दक्षिणेच्या अल्बुफेरा सरोवराकाठच्या भातशेतीत काम करणारी माणसं दुपारी बांधावर लाकडं पेटवायची आणि हाताशी असेल ते पसरट कढईत घालायची. कोंबडी, ससा, लांब चपट्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे पावटे, कधी गोगलगाई. तुम्ही पेणच्या, तुम्हाला हे समजायला सोपं आहे. आपल्याकडे थंडीत वालाच्या शेंगा, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून शेतात पोपटी लावतात, त्याच जातीचं हे जेवण. पोपटीत पाल्याला जो मान तो पाएयात लाकडाच्या धुराला. संत्र्याच्या झाडाचं लाकूड त्यासाठी सगळ्यात चांगलं समजतात. पोपटी जशी चार माणसं जमवून लावायची तशीच पाएयाची कढईसुद्धा माणसं जमवून चढवायची. रविवारी दुपारी तीन-तीन पिढ्या एका टेबलाभोवती बसलेल्या दिसतील. घरी केला असेल तर कढई मधोमध ठेवून प्रत्येक जण लाकडी चमच्याने आपल्यासमोरचा त्रिकोण खातो, शेजाऱ्याच्या हद्दीत जात नाही.

करण्याची रीत एकदा समजून घ्या, म्हणजे समोर आलेला पाएया खरा की खोटा ते तुमचं तुम्हाला कळेल. ऑलिव्ह तेलात मांस चांगलं लालसर परततात, मग शेंगा आणि पावटे, मग किसलेला टोमॅटो, लाल मिरचीची गोड पूड, पाणी, केशर, मीठ. कांदा नाही. मांसाचा अर्क त्याच पाण्यात उतरतो, वेगळा रस्सा घालावा लागत नाही. मग आखूड, जाड दाण्याचा तांदूळ पसरतात आणि इथून पुढे कोणीही त्याला ढवळायचं नाही. साधारण १८ ते २० मिनिटं. पाणी आटत येतं तसा आवाज बदलतो. बुडबुड थांबून बारीक तडतड सुरू झाली की तळाला खरवड धरते आहे असं समजायचं. ही खरवड म्हणजे सोकारात. भाताचा थर बोटाच्या जाडीपेक्षा फार जास्त नसतो. म्हणूनच कढई एवढी रुंद आणि उथळ. जितके दाणे तळाला टेकतील तितकी चव. चांगल्या हॉटेलात वाढण्याआधी वेटर अख्खी कढई टेबलाशी आणून दाखवतो. तेव्हा वाकून बघा. दाणे सुटे, वर चमक, कडेला तपकिरी झालर. वाढताना चमच्याने तळ खरवडल्याचा आवाज आला पाहिजे.

तुमच्या शेजाऱ्यांच्या दोन तक्रारी मी वेगळ्या करते. तांदूळ कच्चा लागला, हे मी फारसं मनावर घेणार नाही. बोंबा किंवा सेनिया जातीचा दाणा रस्सा पिऊन फुगतो, पण मऊ गुरगुट्या होत नाही, चावावा लागतो. तिथे मऊ भात हा बिघडलेला भात. त्यात तिखट नाही, गरम मसाला नाही, तेव्हा पहिल्या घासाला आपल्या जिभेला काही सापडत नाही. दोन-तीन घास थांबावं लागतं. चव नाही आणि बिल भरमसाठ, ही तक्रार मात्र खरी असणार, कारण समुद्रकिनारी रात्री परदेशी टूरला मिळणारा पाएया बहुतेक वेळा तसाच असतो. दारात दहा प्रकारच्या पाएयांचे रंगीत फोटो, दिवसभर कधीही या, दहा मिनिटांत टेबलावर, ही तीन लक्षणं दिसली की पुढे चालू लागा. ताजा पाएया दहा मिनिटांत होऊच शकत नाही. भात ढिगासारखा उंच असेल किंवा त्यात चोरिझो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज असेल तरीही पुढेच चाला. २०१६ साली ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांनी आपल्या पाएयात चोरिझो घातला तेव्हा स्पेनमध्ये केवढा गदारोळ उठला होता. या पदार्थाबद्दल ती माणसं फार हळवी आहेत. २०२१ मध्ये व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक सरकारने पाएयाला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. नुसता पिवळा रंग बघून मात्र नाव ठेवू नका. खायचा रंग तिथल्या घरोघरीही वापरतात.

आता खरी अडचण, जी तुमच्या पत्रात नाही पण पहिल्याच दिवशी तुमच्यासमोर येईल. चांगल्या ठिकाणी भाताची कढई किमान दोघांसाठी चढवतात आणि कढईत एकच प्रकार होतो. तुम्ही तिघं. एक शाकाहारी, एक मासे खाणारी आणि दोघांच्या मध्ये लेक. मला भीती वाटते ती अशी, की तुम्ही रोजच म्हणाल, "जाऊ दे, ह्यांच्यासाठी भाज्यांचाच सांगूया," आणि बारा दिवसांत तुमच्या ताटात माशाचा तुकडा पडणार नाही. ताई, हे करू नका. घरी तुम्ही करत नाही, बाहेर गेले की खाते म्हणता. मग व्हॅलेन्सियाइतकं बाहेर आणखी कुठलं असणार?

म्हणून असं करा. एका दुपारी तिघांत मिळून भाज्यांचा पाएया. एका दुपारी तुम्ही आणि लेक मिळून माशांचा भात. यजमानांना त्या दिवशी कढईत वाटा नाही, पण त्यांचं ताट रिकामंही राहणार नाही. तव्यावर भाजलेले मशरूम, पाद्रोनच्या तळलेल्या छोट्या मिरच्या, टोमॅटोचा पाव, सॅलड, तळलेले बदाम आणि चीज. ते कुरकुरणार नाहीत याची खबरदारी लेकीने घ्यावी, तुम्ही नाही. आणि उरलेल्या दिवशी साधं हॉटेल बघून 'मेनू देल दिया' घ्या. कामाच्या दिवशी दुपारी जवळजवळ सगळीकडे असतो. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, हे सगळं साधारण १४ ते १८ युरोत. त्यात ज्याने त्याने आपापलं निवडायचं, त्यामुळे तिघांचं तीन तऱ्हेचं एका टेबलावर होतं. पुष्कळदा त्यात भाताचा एखादा प्रकारही एका माणसापुरता मिळतो. साधं नळाचं पाणी मागितलं तर ते फुकट दिलं पाहिजे असा तिथे २०२२ पासून कायदा आहे, तेव्हा बाटली घ्यायची सक्ती नाही.

सशाचं म्हणाल तर खरं आहे. मूळच्या व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा दोन्ही असतात. तुमचं मन धजत नसेल तर जबरदस्ती नको. तुमच्यासाठी समुद्राकडचे भात अधिक जवळचे ठरतील असं मला वाटतं. आरोस आ बांदा हा कोळ्यांचा भात. मासे उकळून त्यांच्या रश्शात भात शिजवायचा आणि सोबत लसूण-तेलाचं आलिओली. सेन्योरेत म्हणतात तो त्याचाच भाऊबंद, त्यात कोळंबी-माकूल सगळं सोललेलं, हात माखायला नकोत. माकूलच्या शाईचा काळा भातही असतो. दिसायला भीतीदायक, चवीला उत्तम. भाताचा कंटाळा आलाच तर फिदेउआ मागा. तो पाएयाच्याच कढईत, तांदळाऐवजी शेवया घालून करतात. जवळच्या गांदियाचा हा पदार्थ. मालवारोसा किनाऱ्यावर १९२२ पासूनचं कासा कार्मेला आहे, तिथे अजून लाकडावर भात होतो. ला पेपिका त्याहून जुनं, १८९८ चं. अशा ठिकाणी टेबल सांगतानाच भात कुठला आणि कितीजणांचा हेही सांगून ठेवायचं असतं. रविवारी नाव नोंदवल्याशिवाय जाऊ नका.

शाकाहाराचं मी गोड करून सांगणार नाही. व्हॅलेन्सियाभोवती भाजीपाल्याचे इतके मळे आहेत, तरी पारंपरिक स्वयंपाकात भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे किंवा मासा सहज असतो. सॅलडवर ट्यूना न विचारता येतो. भाजलेल्या मिरचीचं एस्गार्राएत नावाचं सुंदर थंड कोशिंबीरवजा काही मिळतं, त्यात खारवलेल्या कॉड माशाचे धागे असतात. मसूर मागितले तर त्यात चोरिझो निघतो. ओव्हनमध्ये मातीच्या भांड्यात केलेला भात छोले, बटाटा आणि अख्खा लसूण दिसल्यामुळे आपल्याला आपलासा वाटतो, पण त्यात डुकराच्या बरगड्या आणि रक्ताचं सॉसेज असतं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, कारण पुष्कळांच्या हिशेबात हॅम आणि ट्यूना म्हणजे मांस नव्हे. लेकीकडून एक कागद लिहून घ्या आणि तो यजमानांच्या खिशात असू दे: सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन उएवो. मांस नको, हॅम नको, मासा नको, ट्यूना नको, अंडं नको. भाज्यांच्या पाएयासाठी आणखी एक प्रश्न विचारायचा, तो म्हणजे रस्सा कशाचा. काही ठिकाणी भाज्या घालतात पण पाण्याच्या जागी कोंबडीचा अर्क ओतलेला असतो. नीट विचारलं तर माणसं प्रामाणिकपणे सांगतात, आणि आधीच कळवलं तर साध्या पाण्यात किंवा भाज्यांच्या रश्शात करूनही देतात. बटाट्याच्या तिखट फोडी, पातातास ब्रावास, त्यांना आवडतील. त्यावरच्या आलिओलीत बहुधा अंडं असतं, ते बाजूला वेगळं मागा.

कुकरवरून तुमच्या घरात जो वाद चाललाय, त्यात मी यजमानांच्या बाजूने आहे, फक्त रात्रीपुरती. बाहेरच्या अनोळखी जेवणावर काढलेल्या दिवसानंतर घरी मऊ वरणभात मिळणार असेल तर माणूस दुपारी मोकळ्या मनाने नवं काही चाखून बघतो. लेकीला हे समजावून सांगा. मात्र कुकर भरण्याआधी तिची शेगडी विचारून घ्या. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही. तूप, पेढे, पनीर असं दुधाचं काहीही युरोपात नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, सुक्या चटण्या, गोडा मसाला, तूरडाळ पुरे. तांदूळ नेऊच नका. भाताच्या देशात चाललात.

आणि भाजी आणायला मेर्कात सेंत्रालला जा, शक्यतो पहिल्याच आठवड्यात. १९२८ सालचा बाजार. लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची भव्य इमारत, मध्ये घुमट, शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पोपट. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेढी, ला लोन्खा, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. बाजार सकाळी उघडतो, दुपारी तीनच्या सुमारास मिटतो, रविवारी बंद. मासळीच्या बाजूला तुम्ही एकट्या जा आणि हवा तेवढा वेळ काढा. टोमॅटो, वांगी, चपट्या शेंगा, ताजे गारोफो त्या दिवसांत मिळतील. ते पावटे गोडा मसाला घालून एका रात्री कराच. यजमानांना पेणच्या वालाची आठवण काढायला निमित्त मिळेल. फळांना स्वतः हात लावायचा नाही, विक्रेत्याला सांगायचं, तोच निवडून देतो.

तुम्ही पेणच्या, त्यामुळे खारभूमी, बांध आणि उघाडी तुमच्या ओळखीच्या. यजमानांना शहरात करमत नसेल तर अल्बुफेराला घेऊन जा. शहराच्या बसने एल पाल्मार गावापर्यंत जाता येतं. सरोवराचा काठ भरून तयार केलेली भातखाचरं, बांध, पाणी आत-बाहेर करायची व्यवस्था, हे सगळं तिथे आहे. तुम्ही जाल तेव्हा कापणी शेवटाला आलेली असेल. नोव्हेंबरपासून तीच शेतं पुन्हा पाण्याखाली जातात आणि पक्ष्यांनी भरतात. दुपारी गावातच भात खा. तिथे आल इ पेब्रे नावाचं वाम माशाचं लसूण-मिरचीचं झणझणीत कालवण प्रसिद्ध आहे. वाम तुम्हाला आवडत असेलही, पण युरोपातली ती जात आज अतिशय संकटात आहे. मी स्वतः आता ते मागवत नाही.

एका गुरुवारी दुपारी बाराच्या आधी कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी पोचा. बाराच्या ठोक्याला तिथे पाण्याचं न्यायालय भरतं. शहराभोवतीच्या आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळ्या झग्यात गोल बसतात आणि पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकून तिथल्या तिथे निवाडा देतात. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते, दोन मिनिटांत उठतात. तरी यजमानांना ते बघायला आवडेल, आणि दोनच्या टेबलापर्यंतचा वेळही चांगला जाईल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ऑर्चाता. हे यजमानांचं खास पेय ठरावं, कारण त्यात दूध नाही, अंडं नाही, कसलाच संशय नाही. नागरमोथ्याच्या कुळातलं चुफा नावाचं एक गवत आहे. त्याचे हरभऱ्याएवढे कंद भिजवून, वाटून, गाळून हे पांढरं थंडगार पेय करतात. शहराला लागूनच उत्तरेला अल्बोराया गाव आहे, मेट्रो जाते, आणि चुफाची शेतंही त्याच गावाभोवती. साखर न घातलेली ऑर्चाता वेगळी मिळते, ती मागा. सोबत फार्तोन नावाचा लांब, मऊ, गोड पाव बुडवून खातात. तो तुमच्यासाठी.

९ ऑक्टोबरला तुम्ही तिथे असाल हे वाचून मला आनंद झाला. तो व्हॅलेन्सियाचा मोठा सण. १२३८ साली याच दिवशी राजा जाउमे पहिला शहरात शिरला, त्याची आठवण. पण तोच सेंत दियोनीसचाही दिवस, आणि त्या दिवशी पुरुष आपल्या बायकोला किंवा प्रेयसीला रेशमी रुमालात बांधून बदामाच्या मार्झिपानची छोटी छोटी फळं-भाज्या देतात. मिठाईच्या दुकानांच्या काचा आठवडाभर आधीपासून त्यांनी सजलेल्या असतात. ही गोष्ट लेकीने बाबांच्या कानात सांगावी, तुम्ही माहीत नसल्यासारखं दाखवा. सुट्टी असल्यामुळे बाजार बंद, आणि दुपारची टेबलं खूप आधी भरतात.

तेव्हा कुकरचं नंतर बघा. आज लेकीला फोन करून तीन दुपारी नोंदवायला सांगा. एक भाज्यांच्या पाएयाची, रस्सा कशाचा ते विचारून. एक तुमच्या आणि तिच्या आरोस आ बांदाची. आणि ९ तारखेची. वेळ तिन्ही दिवशी दोनची.